गोमाजी नसता तर

पोलादपूरच्या मुसाफिरी बंगल्यावर गोमाजी अकरा वर्षं खानसामा होता, आणि अकराही वर्षं हंगामी होता. हंगाम कुठला, ते कोणी त्याला सांगितलं नव्हतं. दर साली कागद यायचा, त्यावर तो अंगठा उठवायचा आणि पुन्हा चुलीकडे वळायचा.

महाबळेश्वराहून कोकणात उतरणारा किंवा कोकणातून वर चढणारा साहेब एखादी रात्र या बंगल्यात टेकत असे. गोमाजी मूळचा वरच्या कोंडावरचा, डोंगरातल्या छोट्या वाडीतला, नाचणी-वरी पिकवणाऱ्या घरातला. विशीत तो बंगल्यावर पंखा ओढायला आला. तिथे एक म्हातारा गोवेकर खानसामा होता. त्याच्या हाताखाली गोमाजी कटलेट शिकला, सूप शिकला, अंड्याचं पुडिंग शिकला. म्हातारा गावी गेला तो परत आला नाही, आणि चूल गोमाजीकडे आली. बायको रखमा पाणी भरायची, झाडलोट करायची. तिला मात्र कागदही नव्हता.

गोमाजीला इंग्रजी येत होतं, असं सारं पोलादपूर म्हणे. त्याला पन्नास-साठ शब्द येत होते. ब्रिंग, टेक, हॉट वॉटर, क्विक, टूमारो, नो गुड. तेवढ्यावर त्याने अकरा वर्षं साहेब लोक सांभाळले होते, कारण साहेब खानसाम्याशी जे बोलतो तो हुकूम असतो, आणि हुकमाला जर-तर नसतं. 'इफ' हा शब्द त्याच्या कानावरून कधी गेला असेल, पण त्याच्याशी थांबून बोलला नव्हता.

चौतीस सालच्या फेब्रुवारीत एक साहेब आणि त्याची मडम घाट उतरत असताना त्यांची मोटार बिघडली. दोघं बैलगाडीत बसून बंगल्यावर आली. मडमेला सडकून ताप भरलेला. एका रात्रीची माणसं सहा दिवस राहिली.

बंगल्याची दशा तेव्हा बघवत नव्हती. माकडांनी कौलं सरकवलेली. दुपारी खोलीभर उन्हाचे कवडसे पडत आणि संध्याकाळी त्याच भोकांतून वटवाघळं आत येत. एका खाटेचा पाय विटांवर उभा होता. साहेब पहिल्या दिवशी कपाळाला हात लावून बसला. गोमाजीने महाडहून डॉक्टर आणवला. मोठी मच्छरदाणी आढ्याला बांधून मडमेची खाट अख्खीच्या अख्खी झाकून टाकली. सूप तिच्या पोटात टिकेना, तेव्हा रखमा सरळ आत गेली आणि तिने मऊ भाताची पेज चमच्याने भरवली. ती टिकली. मग रोज पेज, वर कोकमाचं सार. रखमा मराठीत बोले, मडम इंग्रजीत बोले, आणि दोघी हसत असत. कशाला हसता म्हणून गोमाजीने विचारलं, तर रखमा म्हणाली, "आमचं आमाला कळतंय."

जायच्या दिवशी मडमेने रखमाचे दोन्ही हात धरले. साहेबाने गोमाजीचा हात हातात घेऊन हलवला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. मग त्याने टेबलावरचं शेरेबुक ओढलं, एक ओळ लिहून खाली सही केली, ओळीत एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाला, "गोमाजी!" आपलं नाव सरकारी पुस्तकात चढलं, हे कळून गोमाजीने त्या दिवशी स्वतःसाठीही पुडिंग केलं.

सोमवारी ओव्हरसियर आले. हरीभाऊ त्यांचं नाव. रस्ता, त्याखालून पाणी काढणाऱ्या मोऱ्या आणि बंगला त्यांच्या ताब्यात. माणूस वाईट नव्हता, फक्त डोक्यावरची टोपी आणि अंगातला रुबाब सहसा उतरवत नसे. शिक्षण मराठी सातवी, इंग्रजी तीन यत्ता आणि पुढे नुसती हिंमत. वरिष्ठांना इंग्रजीत कागद लिहायचा तर ते जुन्या कागदांतली वाक्यं जशीच्या तशी उचलत आणि मध्ये नवा मजकूर बसवत.

हरीभाऊंनी शेरेबुक उघडलं. गोमाजी दारात उभा, हसू दाबून.

"हॅड इट नॉट बीन फॉर गोमाजी," हरीभाऊंनी बोट फिरवत वाचलं, "अवर स्टे हिअर वुड हॅव बीन अनबेअरेबल." त्यांचं बोट थांबलं. "गोमाजी, तू कुठे गेला होतास?"

"मी? कुटंच नाय, साहेब."

"मग हे काय? हॅड नॉट बीन गोमाजी. म्हणजे गोमाजी नव्हता. जागेवर नव्हता! अवर स्टे अनबेअरेबल. म्हणजे आमचा मुक्काम असह्य झाला. साहेबाने स्वच्छ लिहून ठेवलंय."

"साहेब, मी सा दिवस बंगल्याबाहेर पाऊल टाकलं नाय."

"मी तुझं ऐकू की साहेबाच्या सहीचं? मला वर कळवावं लागेल. नाही कळवलं तर माझ्या अंगाशी येईल."

आणि हरीभाऊंनी तिथेच बसून अलिबागच्या बड्या इंजिनिअरना कागद लिहिला. साहेबाचं वाक्य त्यांनी अक्षर न अक्षर उतरवून काढलं, वर-खाली जुन्या कागदांतली दोन वाक्यं लावली, आणि कागद टपालात गेला.

गोमाजी चुलीपुढे जाऊन बसला. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण त्याहून दुसरंच काहीतरी त्याला टोचत होतं. हातात हात घेऊन हलवलेला साहेब पाठ फिरवून असं लिहितो?

"तोंडावर गोड नि कागदावर कडू," तो रखमाला म्हणाला. "गोरी जात शेवटी."

रखमा भांडी घासत होती. तिने हात थांबवले नाहीत. "ती बाय असं लिवू द्यायची नाय."

"लिवलंय बाईनं नाय, साहेबानं."

"तो लिवत व्हता तवा ती बाजूला उभी व्हती. माज्या हातची पेज खाल्लेली बाय खोटं लिवू देईल? ओव्हरसियरलाच वाचता आलं नसंल. दुसऱ्याला दाखवा."

"सरकारी पुस्तक हाय गो. बंगल्याबाहेर न्यायचं नाय."

"मग उतरून घ्या."

"मला लिवता येतंय?"

"कटलेटावर नक्षी काढता येते का नाय? तशीच काढा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गोमाजीने चहाच्या पुड्याचा कागद सपाट केला, शिसपेन घेतली आणि साहेबाची ओळ चित्र काढावं तशी काढायला बसला. रखमा शेजारी उभी राहून बघत होती. तिलाही अक्षर येत नव्हतं, पण नजर तिखट होती. "त्या कडीला शेपूट हाय, ते राह्यलं... हां. आता हितं दोन काठ्या, मधी आडवी." एका ओळीला अख्खी दुपार गेली. गोमाजीला घाम फुटला, पण ओळ हुबेहूब उतरली.

बाजाराच्या दिवशी पहाटेच तो महाडच्या वाटेला लागला. अकरा मैलांची चाल. सोबत चुलतभाऊ सहदेव होता. सहदेव मुंबईला गिरणीत कामाला, रजेवर आलेला, डोक्याला तेल आणि खिशात कंगवा. त्याने वाटेत कागद हातात घेतला आणि उजेडाकडे धरला.

"दादा, ह्ये बघ. बेअर. बेअर म्हंजे अस्वल. राणीच्या बागेत पिंजऱ्यावर पाटी असते, मी सोता वाचलीय."

"मग?"

"मग काय, एकदम सिंपल. तू व्हतास म्हणून अस्वल आलं नाय."

गोमाजीने चार पावलं विचार केला. "पोलादपुरात अस्वल कवा आलं?"

"तेच बोलतोय ना मी! आलंच नाय!"

गोमाजीने कागद परत घेऊन बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि महाड येईपर्यंत बाहेर काढला नाही.

महाडात सहदेव बाजारात शिरला आणि गोमाजी चौकशी करत इंग्रजी शाळेपाशी आला. शिपाई म्हणाला, इंग्रजीचं काही असेल तर कमलाकर मास्तर. कमलाकर मास्तर नुकतेच मधल्या सुट्टीचा चहा पिऊन येत होते. किरकोळ अंगाचे, खांद्यावर खडूची पांढरी धूळ. त्यांनी पायरीवरच कागद उलगडला, वाचला, पुन्हा वाचला, आणि कुणी घरी पाहुणा आल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला.

"हे तुम्ही काढलंत? अक्षर न वाचता? आणि गोमाजी कोण?"

"मीच, मास्तर. मी जागेवर नव्हतो असं लिवलंय म्हणतात. खरं काय ते सांगा, म्हंजे मी मोकळा."

"सांगतो. पण आधी वर्गात चला. मुलांना शिकवायला गेले आठ दिवस मी अशाच वाक्याच्या शोधात आहे, आणि हे पोलादपूरहून चालत आलं!"

गोमाजी संकोचाने मागच्या बाकाच्या कडेला टेकला. मास्तरांनी वाक्य फळ्यावर लिहिलं आणि मुलांना म्हणाले, "अर्थ सांगा. चुकलात तरी रागावणार नाही."

पहिला मुलगा उठला. "गोमाजी नव्हता आणि आमचा मुक्काम असह्य झाला." दुसऱ्याने तेच सांगितलं. तिसऱ्याने तेच, फक्त जास्त मोठ्याने. मास्तरांनी हात वर करायला लावले, तर अख्ख्या वर्गाचे हात त्याच अर्थाला वर गेले. गोमाजी खाली मान घालून बसला. ओव्हरसियर एकटे असते तर गोष्ट वेगळी. आता तीस जण त्यांच्या बाजूला होते.

"छान," मास्तर म्हणाले. "तीसच्या तीस चूक."

गोमाजीने मान वर केली.

मास्तरांनी खडू उचलला. "आधी आपल्या भाषेत बघू. पाऊस पडला तर सावित्रीला पूर येईल. पाऊस पडेल की नाही, ठाऊक नाही. दार उघडं आहे. आता दुसरं. काल पाऊस पडला असता, तर पूर आला असता. पडला का?"

"नाही, सर."

"पूर आला का?"

"नाही."

"म्हणजे वाक्यात 'पडला' आहे, 'आला' आहे, आणि खरं तर पडलाही नाही, आलाही नाही. हे दार बंद झालंय. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल आपण उलटं कल्पून बोलतोय. जे झालं ते 'झालं नसतं तर' म्हणायचं, आणि जे झालं नाही ते 'झालं असतं' म्हणायचं. इंग्रजीतलं हे 'वुड हॅव' म्हणजे आपलं 'असतं'. ते दिसलं की ओळखा, ही गोष्ट प्रत्यक्षात घडलेली नाही."

एक मुलगा उठला. "पण सर, यात 'इफ' कुठे आहे? 'इफ'शिवाय जर-तर कसं होईल?"

मास्तर उत्तर द्यायला वळले, तेवढ्यात मागून आवाज आला. गोमाजी न राहवून बोलून गेला होता.

"आमच्यात तरी 'जर' कोण बोलतंय, मास्तर? वाडीत कुणी बुडत्याला काढला, तर तो काय म्हणतो? 'तू नसतास तर मेलो असतो.' त्यात 'जर' कुटं हाय?"

मास्तरांनी खडू खाली ठेवला.

"उठून उभे राहा, गोमाजी," ते म्हणाले. गोमाजी चपापून उभा राहिला. "पुन्हा सांगा. बुडणारा काय म्हणाला?"

"तू नसतास तर मी मेलो असतो."

"मग तो मेला का?"

"नाय मेला. म्हणून तर बोलतोय."

"आणि ज्याने काढला तो होता का?"

"व्हता की. नसता तर काढला कुणी असता?"

मुलं हसली. मास्तर फळ्याकडे वळले. "इंग्रजीतही तसंच. 'इफ' गाळला की 'हॅड' उठून वाक्याच्या पुढे येऊन उभा राहतो. 'हॅड' असा दारात दिसला आणि पुढे प्रश्नचिन्ह नसेल, तर समजा, 'इफ' घरातच आहे. आता या वाक्याचा अर्थ कोण सांगेल?"

मागच्या बाकावरून एक बुटका मुलगा उठला आणि फळ्याकडे न बघता गोमाजीकडे बघत म्हणाला, "गोमाजी नसता, तर इथला मुक्काम आम्हाला असह्य झाला असता."

गोमाजीने ते मनाशी एकदा म्हटलं. गोमाजी नसता तर. म्हणजे गोमाजी होता. असह्य झाला असता. म्हणजे झाला नाही. साहेबाने 'नाही' लिहून 'होता' म्हटलं होतं. त्याने डोक्यावरची पगडी काढली, पुन्हा घातली, आणि डोळे पुसायला तेवढा वेळ त्याला पुरला.

निघताना मास्तर म्हणाले, "मी अलिबागला इंग्रजीत पत्र लिहितो. तुमचा ओव्हरसियर कसा चुकला ते सविस्तर कळवतो."

"नको, मास्तर."

"का?"

"ओव्हरसियर साहेबाचं नाक कापलं गेलं, तर त्यो डूख धरंल, नि मला रोज त्याच्याच पुढ्यात जावं लागंल. मी बघतो माज्या परीनं."

मास्तरांनी त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. "हे मात्र उघड्या दाराचं वाक्य बोललात."

शुक्रवारी हरीभाऊ बंगल्यावर आले ते घाईतच. बडे इंजिनिअर उद्या येणार, जेवण बंगल्यावर. "काय बोलायचं ते त्यांच्यापुढे बोल," ते गोमाजीला म्हणाले, "मी मध्ये पडणार नाही."

गोमाजीने चहा पुढे ठेवला. "साहेब, एक इचारू? 'हरीभाऊ नसते, तर घाटातली मोरी वाहून गेली असती.' असं कुणी बोललं, तर तुमी व्हतात का नव्हतात?"

"होतो म्हणजे? रात्रभर पावसात उभा होतो मी त्या मोरीवर!"

"मग मोरी गेली?"

"जाते कशी! अजून उभी आहे."

"ह्ये माणूस तुमची तक्रार करतंय का तारीफ?"

"तारीफ, अर्थात." हरीभाऊंनी कपाची दांडी धरली आणि तशीच सोडली. ते उठले, शेरेबुकापाशी गेले. ते पान त्यांनी एकदा वाचलं. दुसऱ्यांदा ओठ हलवत वाचलं. टोपी काढून टेबलावर ठेवली. गोमाजीने त्यांचं डोकं त्या दिवशी प्रथमच पाहिलं. मधोमध चांगलंच टक्कल होतं.

"गोमाजी," ते हळूच म्हणाले, "कागद तर गेला."

"गेला."

"उद्या ते पुस्तक मागतील. वाचतील. मग माझं काय?"

"चहा निवला, साहेब. दुसरा आणतो," गोमाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बडे इंजिनिअर आले. जाडजूड, हसरे पारशी गृहस्थ. त्यांनी आधी वर कौलांकडे बघितलं, मग खाटेखालच्या विटांकडे, मग जेवायला बसले. कोंबडीचा रस्सा दोनदा मागून घेतला. हरीभाऊ भिंतीला टेकून उभे, चेहऱ्यावर राख फासल्यासारखे. पुडिंग संपल्यावर इंजिनिअरांनी खिशातून हरीभाऊंचाच कागद काढला.

"ओव्हरसियर, मी बावीस वर्षं नोकरी केली. हाताखालच्या माणसाने चूक केली तर लगेच कागद येते. चांगला काम केला, तर कोणी लिहित नाय. तुम्ही साहेबाचा शेरा पूर्ण उतरून पाठवला, आणि खाली लिहिला, 'योग्य ती कारवाई व्हावी.' वा! मला लई आवडला. असा ओव्हरसियर पाहिजे."

हरीभाऊ भिंतीपासून सरळ झाले. गोमाजी ताटं गोळा करत होता. तो एका क्षणाचाही विलंब न करता म्हणाला, "साहेबांचं माज्यावर पयल्यापासनं ध्यान हाय."

"तर योग्य ती कारवाई करू," इंजिनिअर म्हणाले. "अकरा वर्षं हंगामी? मी तुला कायम करते. आणखी काय पाहिजे? मागून घे."

गोमाजीने हातातली ताटं खाली ठेवली. त्याने सारे पन्नास-साठ शब्द मनात चाळले, आणि त्यांच्यापुढे एक नवा शब्द आणून उभा केला.

"इफ रूफ गुड," तो वर बोट दाखवत म्हणाला, "साहेब स्लीप गुड."

इंजिनिअर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण त्यांनी वहीत टिपून घेतलं, आणि चैत्र संपायच्या आत नवी कौलं आली. गोमाजीच्या बायकोचंही नाव कागदावर चढवा, असं हरीभाऊंनी आपणहून लिहून पाठवलं. हे वाक्य मात्र त्यांना कुठल्या जुन्या कागदात सापडलं नाही. ते त्यांनी स्वतः जुळवलं आणि महाडला जाऊन कमलाकर मास्तरांकडून तपासून घेतलं. मास्तरांनी एकच चूक काढली. पुढे बाजाराच्या दिवशी हरीभाऊ मास्तरांकडे जाऊन बसू लागले. रस्त्याच्या कामाचं बोलायला जातो, असं ते घरी सांगत.

मृग निघायच्या सुमारास गोमाजी कायम झाल्याचा हुकूम आला. हरीभाऊंनी तो व्हरांड्यात बसून सावकाश वाचला. रखमा खांबाला टेकून ऐकत होती. एका जागी ते अडखळले, पण थांबून, मागे जाऊन, नीट सांगितलं.

"इथे एक 'इफ' आहे. काम समाधानकारक राहिलं, तर नेमणूक पुढे चालू राहील."

गोमाजी पुढे सरकला. "ह्यो कुठला, साहेब? झाल्या गोष्टीचा का व्हायच्या?"

"व्हायच्या. दार उघडं आहे."

"मग हरकत नाय," गोमाजी म्हणाला. "काम आमच्याच हातात हाय."

"आमच्या म्हंजे कुणाच्या?" रखमाने विचारलं.

"दोघांच्या गो, दोघांच्या. तुजं बी नाव हाय त्यात."

"मग अंगठा कुटं करायचा त्ये सांगा," रखमा पदराला हात पुसत पुढे आली, "पाणी भरायचं राह्यलंय माजं."